पिंडीवरचे पाय

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडले होते, ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस मराठवाड्यात सापडणं अवघड. गुरूच्या शोधात आलेला नामदेव ते दृश्य बघून चपापतो आणि पाय खाली घ्या म्हणतो. म्हातारा म्हणतो, मला काही उचलवत नाहीत, जिथे देव नाही अशा जागी तूच ठेव. नामदेव ते पाय उचलून दुसरीकडे ठेवतो तर तिथे पिंड, तिसरीकडे ठेवतो तर तिथेही पिंड. औंढा आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातलंच गाव होतं. नामदेवांचं नर्सीही तसंच, आणि जनाबाईंचं गंगाखेड तर आजही परभणीतच आहे. कीर्तनात या गोष्टीचा अर्थ ठरलेला असतो: देव सगळीकडे आहे. अर्थ बरोबरच आहे, पण त्या अर्थाच्या भरात गोष्टीतले पाय मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत. नामदेवाने तिथे केलं काय, तर एका म्हाताऱ्याचे न उचलणारे पाय स्वतःच्या हातांत घेतले आणि जपून इकडचे तिकडे ठेवले. काही कीर्तनकार विसोबांना महारोग्याच्या रूपात उभं करतात, अंगावर जखमा, पायांत फाटकी पायताणं. ते रूप धरलं तर नामदेवाला घडलेलं पहिलं गुरुदर्शन जखमी पायांचं होतं असं म्हणावं लागतं. उपदेश त्यानंतरचा.

भागवतात भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत चौथं पादसेवन. आपण त्याचा अर्थ देवाच्या किंवा गुरूच्या चरणांची सेवा असा करतो आणि बहुतेक वेळा तो पादुकांवर पाणी घालून, गंध लावून पुरा करतो. चांदीच्या पादुकांना दुधाने अंघोळ घालणाऱ्या घरात सुनेच्या किंवा सालगड्याच्या टाचेतून रक्त येतं, पण त्याला कुणी धर्माचा विषय मानत नाही. तो दवाखान्याचा विषय, तोही वेळ मिळाला तर. माझं म्हणणं असं की ही वाटणी चुकीची आहे. ज्या परंपरेत पाया पडणं हा सर्वांत मोठा आदर आहे, जिथे वारकरी वयाचा आणि जातीचा विचार न करता समोरच्या वारकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो, तिथे जिवंत पायांची निगा राखणं हे पादसेवनच आहे, आणि त्या जिवंत पायांत स्वतःचेही पाय येतात. दुसऱ्याच्या पायांविषयी हे कुणीही पटकन कबूल करील. स्वतःच्या पायांपाशी मात्र अडखळायला होतं, त्यामुळे वाद खरा तिथेच आहे. (शरीर हेच धर्माचं पहिलं साधन, हे कालिदासाचं वचन इथे कुणालाही आठवेल. पण ते भाषणांतून इतकं गुळगुळीत झालं आहे की त्याच्या आधाराने काही सिद्ध करावंसं वाटत नाही.)

पायाला एकीकडे वंदन आणि दुसरीकडे हीनपणा, हे आपल्याकडे फार जुनं आहे. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या पायांपासून शूद्र झाला असं सांगितलं आणि त्या एका उपमेवर पुढे केवढी उतरंड रचली गेली, याची चिकित्सा डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात केली आहे. पाय खालचा म्हणून पायाशी संबंधित सगळं खालचं ठरलं. वहाण शिवणारा चर्मकार अस्पृश्य, आणि त्याने शिवलेली वहाण घालून देवळापर्यंत जाणारा मात्र शुद्ध. देवाचे पाय पूज्य आणि माणसाचे पाय अपवित्र, ही फूट संतांनी मान्य केली नव्हती. पंढरपूरच्या महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची मानतात. भक्तांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. ज्याने विसोबांचे पाय उचलले त्याने शेवटी स्वतःला सगळ्यांच्या पायांखाली ठेवलं, ही संगती मला योगायोगाची वाटत नाही. आज लोक त्या पायरीवर पाय पडू नये म्हणून जपतात. भाव समजण्यासारखा आहे, पण नामदेवांनी मागितलं होतं ते नेमकं याच्या उलट. जनाबाईंच्या कथांतला विठ्ठल तर दळू लागतो, शेणी वेचतो, तिची वेणी घालून देतो. देहाची साधी, घरगुती निगा देवाच्या हाताला कमीपणा आणत नाही, हे गोदाकाठच्या आपल्या परभणी जिल्ह्याला शिकवायला दुसऱ्या कुणाची गरज नाही.

महाभारताच्या अनुशासनपर्वात वहाणेच्या जन्माची एक कथा आहे. ती या प्रश्नाला जितकी थेट भिडते तितकी दुसरी कुठलीही नाही, तरी ती फारशी सांगितली जात नाही. जमदग्नी बाण सोडण्याचा खेळ खेळत असतात आणि रेणुका प्रत्येक बाण वेचून आणून देत असते. ज्येष्ठातली भर दुपार. एकदा तिला परत यायला उशीर होतो. ऋषी रागावून कारण विचारतात तेव्हा ती सांगते की डोकं आणि पाय भाजू लागले, म्हणून घटकाभर झाडाच्या सावलीत थांबले. मग जमदग्नी सूर्यावरच बाण रोखतात. सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने येऊन त्यांची समजूत काढतो आणि शेवटी त्यांच्या हातात दोन वस्तू ठेवतो, छत्री आणि पायताण. या दोन्ही वस्तूंचं दान मोठं पुण्याचं, असं सांगून कथा संपते. रेणुका म्हणजे आपल्या शेजारच्या माहूरगडावरची देवी. तिचे भाजलेले पाय बघून ऋषी तिला सहनशक्तीचा उपदेश करीत नाही, देह नश्वर आहे असंही सांगत नाही. तो थेट सूर्याला जाब विचारतो. धर्मग्रंथाच्या मते पायताण हा चैनीचा जिन्नस नाही, एका राबणाऱ्या बाईच्या चटक्यांवर सूर्याने भरलेला तो दंड आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो. त्या उन्हात काळ्या रानात धसकटं वेचणाऱ्या बाईचे अनवाणी पाय बघताना ही कथा आठवली तर पोथीचा उपयोग झाला म्हणायचा.

यावर पहिला आक्षेप तपाचा. अनवाणी चालणं हे व्रत आहे, त्रास सोसण्यातच त्याचं मोल आहे, टाचेला तेल चोळत बसणारा कसली वारी करणार? आक्षेप हलका नाही, म्हणून त्याचं उत्तर तप मानणाऱ्या परंपरांकडूनच घेऊ. बौद्ध विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. सुखात वाढलेला हा तरुण चंक्रमण, म्हणजे ध्यानाच्या येरझाऱ्या, करता करता तळपाय फुटेपर्यंत चालला, चालण्याची वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची उपमा दिली: फार ताणलेली तार वाजत नाही, फार सैल सोडलेलीही वाजत नाही. आणि एवढं सांगून ते थांबले नाहीत, त्याला एकपदरी वहाणा वापरायची परवानगी दिली. त्याच ग्रंथात पिलिंदवच्छ या भिक्खूचे पाय भेगाळले तेव्हा पायांना चोळायच्या तेलाची मुभा दिल्याचीही नोंद आहे. संघाचे नियम ठरवताना भेगांची नोंद घ्यावी इतकी ती बाब धर्माची होती. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला पीडा देणाऱ्या तपाला श्रीकृष्ण आसुरी म्हणतात, कारण त्यात देहात वसणाऱ्या परमात्म्यालाही पीडा होते. विसोबांच्या गोष्टीतला विचार इथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटतो.

जैन मुनींचं उदाहरण याहून अवघड आहे, ते टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या लेण्यांत दिगंबर परंपरेच्या मूर्ती आहेत, आणि दिगंबर मुनी आजही शेकडो कोस अनवाणी विहार करतात. तिथे पायताण नाकारण्यामागे जीवजंतूंची दया आणि अपरिग्रह आहे, पायाचा तिरस्कार नाही. शिवाय त्याच परंपरेने आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्य मोजलं आहे, म्हणजे थकल्या-आजारी साधूची सेवा, त्यात पाय दाबणंही आलं. एकाने पायाचं रक्षण सोडलं तर दुसऱ्याने त्या पायाची काळजी घेणं हे तितक्याच दर्जाचं तप ठरतं. त्यागाचा हिशेब असा दोघांत मिळून पुरा होतो. वारीचं म्हणाल तर गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, मांसमद्याचा त्याग आणि नेमाची वारी ही वारकऱ्याची बंधनं आहेत. पायांत वहाण नको हे त्यांत नाही. कुणी स्वखुशीने अनवाणी चालत असेल तर तो त्याचा नवस, त्याला नमस्कार. फक्त तो नियम म्हणून दुसऱ्यावर लादू नये, आणि मधुमेह असलेल्या माणसाने तर तो नवस बोलूच नये.

मधुमेहाचं नाव आलंच आहे, तर या वादातला सर्वांत जड पुरावा तिथेच आहे. तपाची सगळी भाषा वेदना सोसण्याची आहे. पण ज्याला वेदनाच होत नाही त्याचं काय? पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी कुष्ठरुग्णांचे हातपाय बारकाईने अभ्यासले. तोवर समज असा होता की या रोगात मांस आपोआप झडतं. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मज्जातंतू बधिर झाल्याने वेदना कळत नाही, म्हणून माणूस खिळ्यावर पाय देतो, निखाऱ्याला हात लावतो, फोड आला तरी त्याच पायावर चालत राहतो आणि न कळलेल्या या इजांनी बोटं जातात. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलांनी हे पाय वाचू शकतात, हेही पुढच्या कामातून सिद्ध झालं. मधुमेहात बऱ्याच वर्षांनी तळपायाची अशीच बधिरता येते. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून विचारतात, कळतंय का? ज्याला कळत नाही त्याच्या पायाला खडा, काटा, चटका यांतला भेद उरलेला नसतो. तेव्हा वेदनेला शत्रू किंवा परीक्षा मानणारं तत्त्वज्ञान अपुरं आहे. वेदना ही पायावर बसवलेली राखण आहे. ती जागी असताना तिचं ऐकावं आणि ती झोपली असेल तर तिचं काम डोळ्यांनी करावं: रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात, वाकवत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्या माणसाने बघावं. अशा पायांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नये, चप्पल घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवावा, कुरूप ब्लेडने कापू नये, ते जाळणारं औषध किंवा पट्टी लावू नये आणि शेकासाठी पाय गरम पाण्यात कधीच घालू नयेत. जखम लहान असली तरी घरी रेंगाळत न ठेवता डॉक्टरांना दाखवावी. बधिर पायावर आठवडाभर वाट बघणं हे धैर्य नव्हे.

बाकीच्यांच्या पायांना लागतं ते फार थोडं, आणि तेही नवं नाही. सुश्रुताने क्षुद्ररोगांत पाददारी, कदर आणि अलस अशी तीन दुखणी नोंदली आहेत, म्हणजे आपल्या भेगा, कुरूप आणि चिखल्या. अलसाचं कारण त्याने घाणेरड्या चिखलाचा संपर्क असं दिलं, आणि मराठीने त्या दुखण्याचं नावच चिखलावरून पाडलं. आज आपण त्याला बुरशी म्हणतो. चिखल कारण ठरतो तो ओल धरून ठेवतो म्हणून. त्यामुळे खुरपणीहून आल्यावर साबणाने पाय धुणं हे अर्धंच काम, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करणं हे उरलेलं अर्धं. बुरशीचं साधं मलम, क्लोट्रिमाझोलसारखं, खाज थांबल्यावरही काही दिवस चालू ठेवावं. दुकानदार देतो ते तीन-चार औषधांचं स्टिरॉइड मिसळलेलं मलम दोन दिवसांत आराम देतं आणि बुरशी मात्र दडवून वाढवतं. भेगांसाठी पंधरा मिनिटं कोमट पाणी, मग वजरी हळू हाताने, पाय टिपून घेतल्यावर ओल असतानाच तेल किंवा व्हॅसलीन आणि वरून सुती मोजे. कोकमतेल असलं तर उत्तम, नसलं तर करडईचं किंवा खोबऱ्याचं चालतं. चरकाने सूत्रस्थानात पादाभ्यंगाचे गुण सांगताना खरखरीतपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरता यांची नावं घेतली आहेत. तेलाने मधुमेहाची बधिरता जाणार नाही, पण रोज तेल चोळणाऱ्या हाताला नवी जखम लवकर सापडेल. नखं सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. काटा निघाल्यावर जागा धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं. बिब्बा मात्र काट्यावरही नको आणि कुरुपावरही नको. त्याचं तेल कातडी भाजतं, आणि गावोगाव त्याच्या आगीने मूळ दुखण्याहून मोठी जखम होते. जुनं आहे म्हणून सगळंच बरं, असं या लेखाचं म्हणणं नाही.

दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. दुसऱ्याचे पाय चेपणं ही सेवा, पण स्वतःच्या पायांना तेल लावण्यात भक्ती कसली? ती तर देहाची ओढ. याचं उत्तर नमाजापूर्वीच्या वुजूत दिसतं. परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीत भरतो आणि तिथे सर्वधर्मीयांची रीघ लागते. तुराब म्हणजे माती. त्या मातीत चालून आलेले पाय माणूस उपासनेआधी स्वतःच धुतो, घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवून. टाच कोरडी राहू देऊ नका, असा कडक इशारा हदीसमध्ये आहे. आणि पायाला जखमेची पट्टी असेल तर पाणी न घालता ओला हात वरून फिरवला तरी पुरतो, असं फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे, जाणकार सांगतात. म्हणजे स्वतःचा पाय धुणं ही उपासना आणि जखम भिजू न देणं हीसुद्धा त्या उपासनेच्या नियमांतच बसलेली. ओढ आणि निगा यांतला फरक ओळखायला सोण कोळिविसाची उरलेली हकिकत कामाला येते. वहाणांची परवानगी मिळाल्यावर तो म्हणाला, सगळ्या संघाला मिळाली तर मी घालीन, एकट्याला नको. मग ती सगळ्यांना दिली गेली. स्वतःच्या पायाची काळजी घेताना शेजारच्या पायाची आठवण होते की नाही, एवढी ही कसोटी आहे. आठवण होत नसेल तर ती ओढ, मग पायाला सोन्याचं पाणी लावा नाहीतर राख फासा.

या कसोटीवरून तिसऱ्या आक्षेपाकडे येता येतं, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला पंधरा मिनिटं पाय भिजवायची सवड कुठून मिळावी, आणि चिखलात रुतून बसणारी चप्पल तिने घालावी तरी कशी? पाणी, साबण, फडकं आणि चमचाभर तेल यांचा खर्च थोडा आहे, हे खरं. पण चिखलात टिकणाऱ्या, काट्याला दाद न देणाऱ्या पायताणाचा खर्च थोडा नाही आणि तो तिच्या एकटीच्या भक्तीवर सोडून देता येणार नाही. इथे अनुशासनपर्वातलं दान शब्दशः घ्यावं लागेल. पारायणाला, भंडाऱ्याला, देवळाच्या कळसाला वर्गणी काढणाऱ्या गावाने शेतमजुरांच्या पायांसाठी एक वर्षाची वर्गणी काढली तर पोथीबाहेर काहीच घडणार नाही, उलट पोथीत लिहिलेलंच घडेल. कुणी म्हणेल, चरण हे प्रतीक आहे, त्याचा इतका शब्दशः अर्थ घेऊ नका. पण ज्याचं प्रतीक त्याच्याकडे पाठ फिरवून प्रतीकाची पूजा करणं हा मला सरळ हिशेबाचा घोटाळा वाटतो.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी आणि गंगाखेड मार्गे पंढरीला जाते. वाटेवरची गावं वारकऱ्यांसाठी चहा, भाकरी, केळी घेऊन उभी असतात आणि मुक्कामाला पाय चेपणारे हातही पुष्कळ असतात. यंदा त्या हातांजवळ कोरडी स्वच्छ फडकी आणि एक विजेरी ठेवा. आणि गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवण्याआधी प्रत्येकाला एवढं मात्र विचारा: माउली, तुम्हाला शुगर आहे का?